वाढतं माप

१६ मार्च, रविवार

अनुपमाताई म्हणाल्या, बोलता येत नसेल तर लिही. त्या आमच्या संस्थेच्या प्रमुख. पोलादपुरात ऑफिस आहे आणि मी गेल्या जूनपासून तिथं काम करते. वाड्यावाड्यांवर जाऊन लहान मुलांच्या आयांच्या बैठका घेते. लसी, आहार, आणि मीच सुचवलेला एक विषय: लहान मुलांना मोटारसायकलवरून कसं न्यावं.

जे झालं ते आजच सरळ लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

दोन तारखेला, रविवारी दुपारी, माझा भाऊ हृतिक, सारिकावहिनी आणि साहिल आमच्या वाडीवरून बिरवाडीला परत निघाले. हृतिक तिकडे कारखान्यात कंत्राटावर आहे, त्यांची खोलीही तिथंच. साहिल दोघांच्या मधे बसला होता. गाडी हळू होती. उताराच्या शेवटच्या वळणावर कुणीतरी बांधकामासाठी खडी टाकली आहे, ती रस्त्यावर पसरली होती. चाक घसरलं. हृतिकला खरचटलं. वहिनीचा डावा हात मोडला. साहिलच्या डोक्याला मार लागला. महाडला पोचायच्या आत तो गेला. या मे महिन्यात तीन वर्षं पुरी झाली असती.

डोक्यात हेल्मेट होतं.

एवढंच आहे. मला रडू येत नाही. भाकरी खाते, झोप लागते. शिमग्याची पालखी परवा आमच्या दारात थांबली नाही. सुतकाचं घर म्हणून पुढे गेली. मी ओट्यावर उभी राहून ढोल ऐकले. ढोलवाल्यांपैकी एकाचा सदरा उलटा होता, तेवढंच लक्षात राहिलं.

१९ मार्च, बुधवार

आज भरतदादा आला होता. वहिनीचा भाऊ, म्हणजे साहिलचा मामा. हेल्मेट त्याच्याकडे राहिलं होतं. त्या दिवशी ज्यांनी गाडी उचलली त्यांना ते बांधाखाली मिळालं. आत आणायला त्याला धीर होईना, म्हणून पिशवीसकट ओट्यावर ठेवून उभा राहिला. शेवटी मीच आत आणलं. निळं आहे, त्यावर पिवळे मासे. एक ओरखडा नाही. पट्टा लावलेला, क्लिपसुद्धा बंद. माल चांगला आहे.

ते हेल्मेट ही माझी कल्पना. आमच्याकडे जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसतं. पहिले केस उतरवतात आणि मामा नवे कपडे, टोपी, जमलं तर चांदीचं काहीतरी देतो. मी बैठकांमध्ये सांगायची की मामानं टोपीऐवजी हेल्मेट द्यावं. रीतही राहील आणि डोकंही राहील. हे वाक्य मला फार आवडायचं. पहिल्यांदा भरतदादानंच माझं ऐकलं. फेब्रुवारीत आम्ही सगळे महाडला दुकानात गेलो होतो. साहिलचे केस तेव्हा खांद्यापर्यंत आले होते. वहिनीनं ते डोक्यावर घेऊन अंबाडा घातला होता आणि दुकानदार त्याला मुलगीच समजला.

आई म्हणाली, "एक माप वरचं द्या हो. वाढतं पोर हाय, दोन वर्सं तरी जायला पायजे."

दुकानदार म्हणाला, "डोकं हलवून दाखव रे दादा."

साहिलनं बैलासारखी मान हलवली. हेल्मेट जागचं हललं नाही. सगळे हसलो. दोन-तीन दिवसांनी जावळ झालं. छान झालं होतं.

आज वहिनीनं ते हेल्मेट मांडीवर घेतलं. एका हाताला प्लास्टर आहे, दुसऱ्या हातानं क्लिप उघडली, लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग आतून कडेकडेनं बोट फिरवलं. तिला त्याची आठवण येत असावी. भरतदादा म्हणाला, "सारके, ठेव ते." तिनं ठेवलं.

२६ मार्च, बुधवार

वरच्या आळीत बैठक. जायचंच होतं, गेले. आठ-दहा बायका होत्या. लसींचं सांगून झालं. मग पिशवीतून गाडीचे तक्ते काढले: मूल टाकीवर बसवू नये, मधे बसवावं, पट्ट्यानं बांधावं, हेल्मेट घालावं. तो पट्टा महाडमध्ये कुठंच मिळत नाही हे मी दर वेळी सांगते, तेही सांगितलं.

प्रयागकाकी मागं बसल्या होत्या. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्यांचं घर. म्हणाल्या, "सेजल, एक इचारू? राग नको मानूस."

"विचारा."

"घालून काय झालं?"

कुणीतरी म्हणालं, "काकी, कशाला गो तिच्यासमोर?"

"मी वाईट नाय बोलत. माझ्या नातवाला ती हेल्मेटची टोपी दाखवली की तो रडून गाव गोळा करतो. तरी मी रोज दोन धपाटे देऊन घालायला लावायची, सेजल सांगते म्हणून. आता कशाला मारू त्याला? साहिलनं घातलं व्हतं. मधी बसवला व्हता. गाडी पण हळू व्हती. जायचं ते जातं."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "बरोबर आहे."

तक्ते गुंडाळले. एकीनं चहा दिला, तो प्यायले. येताना वाटेत त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, पण विचार सुरूच होत नव्हता. प्रश्न बरोबर आहे. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, सेजलला इचारा, तिला ठाव असंल. मला हे ठाऊक नाही.

अनुपमाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हा विषय सध्या थांबवू. मी हो म्हणाले. वाईट वाटायला हवं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

हृतिक कामावर गेला. वहिनी प्लास्टर निघेपर्यंत इथंच राहील. गाडी पोलादपूरला मेकॅनिककडे दुरुस्त होऊन पडली आहे. तो आणायला जात नाही. एसटीनं गेला.

आमच्या घराचं आता एक वाक्य झालं आहे. कुणी भेटायला आलं की बाबा सांगतात. बाबांचं नाव हैबती, आणि गावात त्यांच्याइतकं कमी बोलणारं कुणी नाही, पण एवढं मात्र ते सांगतात. "हेल्मेट व्हतं, मधी बसवला व्हता, वेग नव्हता. आपण सगळं केलं व्हतं." पाहुणे मान हलवतात. मग चहा येतो.

हृतिकही तेच म्हणतो. तो वहिनीकडे बघून म्हणतो. "सारिका, आपण सगळं केलं व्हतं." ती काहीतरी काम काढून आत जाते. तिनं एकदा तरी हो म्हणावं असं मला वाटतं. तो तिच्यासाठीच म्हणत असतो.

वहिनी माझ्याशीही कमी बोलते. हात दुखत असेल.

९ एप्रिल, बुधवार

दोन गाड्या गेल्या. दोन्हींवर मुलं, दोन्ही टाकीवर, उघड्या डोक्यानं. त्यातला एक आधी हेल्मेट घालायचा. त्यानं मला हात केला. मीही केला.

२० एप्रिल, रविवार

रेश्माताईचा फोन. माझी मोठी बहीण, बिरवाडीच्या पलीकडच्या गावात दिली आहे. तिच्या शुभमचं जावळ पुढच्या महिन्यात, अकरा तारखेला. तिसरं वर्ष चालू आहे, पुढे नेता येत नाही. मामा एकच, हृतिक.

हृतिक आज घरी होता. फोन स्पीकरवर ठेवला. ताईच्या सासूबाई, ठमाबाई, मागून बोलत होत्या, तेही ऐकू येत होतं.

"त्याला इचार, तो बसंल का म्हणावं. नायतर चुलत मामा आणू."

ताई म्हणाली, "आई, हळू बोला, ऐकू जातंय."

"जाऊ दे की. मी काय चोरून बोलते? ज्याच्या मांडीवरचं गेलं त्यानंच मांडी द्यायची, लोकं काय बोलतील?" मग थोडं थांबून, "त्याला काय वाटंल, ते पण हाय ना गो."

हृतिक म्हणाला, "मी येतो, मावशी."

मग ठमाबाई म्हणाल्या, "ये मग. मटण ठेवते. खातोस ना आता?"

"खातो."

फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "हेल्मेट घेऊ. साहिलचं व्हतं तसलंच. चांगलं व्हतं ते."

मी म्हणाले, बायका विचारतात घालून काय झालं. तो म्हणाला, "त्याच्या नशिबात नव्हतं, हेल्मेटचा काय दोष? आपण आपलं करायचं." मला बरं वाटलं. या महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं. वहिनी चुलीपाशी होती. तिच्या हातातलं वांगं घरंगळलं, ते तिनं उचललं नाही. प्लास्टर परवाच निघालं आहे, पकड अजून आली नसावी.

४ मे, रविवार

महाडला गेलो. मी, हृतिक, रेश्माताई आणि शुभम. तेच दुकान. दुकानदारानं आम्हाला ओळखलं नाही, किंवा ओळखून दाखवलं नाही.

शुभमचं जावळ साहिलपेक्षाही दाट आहे, कुरळं. ताईनं दोन वेण्या घातल्या होत्या. त्याला अस्वलांचं लाल हेल्मेट आवडलं. त्याच्या वयाचं माप घट्ट होत होतं, रडायला लागला. हृतिक म्हणाला, "वरचं द्या. वाढतं पोर हाय." वरचं बरोबर बसलं. मी स्वतः दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं. तक्त्यात लिहिलं आहे तसं. हललं नाही. क्लिप लावली, हनुवटीखाली बोट घालून बघितलं. सगळं नीट.

हृतिकनं ते डब्यात परत ठेवलं आणि डबा दोन्ही हातांनी धरून एसटी स्टँडपर्यंत आणला. जावळाआधी घालायचं नसतं.

११ मे, रविवार

सकाळी देवळात जावळ झालं. त्यांचं ग्रामदेवीचं देऊळ गावाबाहेर ओढ्यापलीकडे आहे, सगळे गाड्यांवरूनच आले. वहिनी आली नाही. आई म्हणाली, नको येऊ दे तिला.

हृतिक पाटावर बसला, शुभम मांडीवर. पहिली बट मामानं कापायची. त्यानं कापली. मग न्हाव्यानं वस्तरा चालवला. केस ताईच्या नणंदेनं कणकेच्या गोळ्यात घेतले. शुभम आधी खूप ओरडला, मग न्हाव्याच्या आरशात स्वतःला बघून गप्प झाला. ठमाबाई म्हणाल्या, "आता माणसात आला. इतके दिस आमच्यात मेंढरू व्हतं." सगळे हसले. हृतिकही हसला. मी ते बघून ठेवलं.

डोक्याला हळद लावली, धुतलं, पुसलं. मामाचे कपडे घातले. जेवणं घरी होती. ताईचे मिस्टर, मुरारीभाऊजी, गाडी सुरू करून थांबले. ताई मागे बसली. हृतिकनं डबा उघडला, शुभमला मधे बसवलं आणि हेल्मेट घातलं. क्लिप लावली. माप घेताना बसलं होतं तसंच बसलेलं दिसत होतं.

ओढ्यावर कुणाची तरी म्हैस उतरली होती. शुभमनं ती बघायला मान वळवली. मान वळली. हेल्मेट नाही वळलं. अस्वलं आमच्याकडे बघत होती आणि आत शुभम ओढ्याकडे बघत होता. त्याचा एक कान, जिथं डोळे असायचे तिथं आला होता.

हृतिकनं ते सरळ केलं. हनुवटीखाली बोट घातलं. क्लिप बंद होती. मग त्यानं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून वर उचललं. क्लिप न उघडता ते डोक्यावरून निघून आलं. त्यानं पुन्हा घातलं. पुन्हा उचललं. पुन्हा निघालं.

तेव्हा मला कळलं. मला वाटतं त्यालाही तेव्हाच.

तो म्हणाला, "हे पोर गाडीवर जाणार नाय."

मुरारीभाऊजींना वाटलं चेष्टा करतोय. "अरे, घर हितंच हाय."

"नाय म्हटलं ना."

"पोर माझं हाय रे."

"ताई, उतर," हृतिक म्हणाला. ताई उतरली. भाऊजींनी गाडी बंद केली. ठमाबाई म्हणाल्या, "मामाला सांगितलं व्हतं मी, जड जाईल. हळूच घ्या त्याला." त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि तो हातातलं हेल्मेट बघत होता.

चालत निघायला ऊन फार. शेवटी फाट्यावरून मिनीडोर रिक्षा बोलावली. तिच्यात ताई, शुभम, दोन म्हाताऱ्या आणि जेवणाची भांडी बसली. हृतिक ड्रायव्हरजवळ बसला. जेवला. मटण वाढलं ते खाल्लं.

१२ मे, सोमवार

काल संध्याकाळी हृतिकच्या खोलीवर थांबले. त्यानं भात लावला, मी कांदा चिरला. जेवताना तो म्हणाला, "सारिकाला सांगू नको."

मी म्हणाले, "काय?"

"ठाव हाय तुला, काय ते. त्या दिशी हेल्मेट तिनंच घातलं व्हतं. मी गाडी पुसत व्हतो. तिला कळलं तर ती मरंल, सेजल."

मी म्हणाले, "माप आपण सगळ्यांनी घेतलं होतं. केस होते तेव्हा घेतलं. जावळ झालं, केस गेले आणि कुणी पुन्हा बघितलं नाही. आणि वरचं माप."

"हो, पण घातलं तिनं. तिला तेवढंच ऐकू येईल." मग म्हणाला, "आईला पण नको. वरचं माप आईनं मागितलं व्हतं."

मी हो म्हणाले.

आज पहाटेच्या एसटीनं पोलादपूरला आले आणि सरळ ऑफिसला गेले. कुणी काही विचारलं नाही. प्रयागकाकीच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. ते मिळाल्यावर काहीतरी वाटायला हवं. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालंय, बाकी काही नाही.

१७ मे, शनिवार

आई-बाबा पोलादपूरला बाजाराला गेले होते. वहिनी आणि मी ओट्यावर आमसुलं वाळत घालत होतो. तिचा डावा हात अजून बारीक दिसतो.

ती म्हणाली, "शुभमचं जावळ कसं झालं?"

"झालं नीट."

"हेल्मेट दिलं?"

"दिलं. पण घातलं नाही मग. मिनीडोरनं गेले."

ती आमसुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "हललं ना?"

मी पुढचं आमसूल उचललं. हृतिकला शब्द दिला होता.

"तुला वाटतं मला ठाव नाय," ती म्हणाली. "मी घातलं व्हतं गो. त्या दिशी घातलं तेव्हाच हललं. एवढं एवढं. मी म्हटलं, केस आले की बसंल. ह्यांची दुसरी पाळी व्हती, उशीर झाला व्हता. आणि मी धरूनच बसणार व्हते त्याला. धरला पण व्हता." तिनं मोडलेला हात बघितला. "तो झोपला व्हता. झोपलेलं पोर जड असतं."

मी म्हणाले, "वहिनी, माप केसांसकट घेतलं होतं. चूक तिथं झाली. तू एकटीनं नाही केलीस."

"तुझ्या भावाला सांगू नको," ती म्हणाली. "तो रोज म्हणतो आपण सगळं केलं. त्याच्यावरच कामाला जातो तो. ते काढून घेऊ नको त्याच्याकडून."

मी हो म्हणाले.

दोघांनीही मला एकच गोष्ट सांगितली आणि मी दोघांनाही हो म्हणाले. असं वागणं बरोबर आहे का माहीत नाही. एकमेकांसाठी गप्प बसलेल्या माणसांना बोलायला लावणं हे माझं काम आहे का, हेही माहीत नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की खरं सांगितल्यानं समाज सुधारतो. समाजात माझं घरही येतं, एवढं तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

२० मे, मंगळवार

प्रयागकाकीच्या नातवाचं जावळ ज्येष्ठात आहे. त्याला टोपी न घालता पोलादपूरला नेताना आज बघितलं, आजोबांच्या पुढे, टाकीवर. अनुपमाताईंना सांगितलं, मला तो विषय पुन्हा घ्यायचा आहे. त्या म्हणाल्या, तुला झेपेल का? मी म्हणाले, हो. झेपणं म्हणजे काय ते सध्या मला कळत नाही, पण हो.

२३ मे, शुक्रवार

बैठक प्रयागकाकींच्याच पडवीत ठेवली. सांगायचं तर ठरवलंच होतं, फक्त नाव बदलून सांगायचं ठरवलं होतं.

मी म्हणाले, "एका गावात एक मूल होतं. जावळाच्या आधी त्याचं हेल्मेट घेतलं. केस दाट होते, म्हणून वरचं माप बसलं. मग जावळ झालं."

काकी म्हणाल्या, "कुठल्या गावात?"

"असंच. लांबच्या."

"लांबचं कशाला सांगतेस? हितलं सांग की."

बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. एकजण मुलाचं नाक पुसत होती. मला वाटलं त्यांना कळलं आहे आणि मी गप्प बसले तरी चालेल. पण मग त्या घरी जाऊन काय सांगतील? घालून काय होतं, हेच.

मी म्हणाले, "आमच्या साहिलचं सांगते. काकी, तुम्ही विचारलं होतं घालून काय झालं. ते त्याच्या डोक्यावर राहिलंच नाही. आधीच निघून पडलं. क्लिप बंद होती आणि हेल्मेट बांधाखाली गेलं. आम्ही माप केसांसकट घेतलं, तेही वाढतं. केस गेले आणि आम्ही तेच घातलं. हेल्मेट वाईट नव्हतं. त्याच्या मापाचं नव्हतं."

हे सगळं मी तक्ता वाचावा तसं सांगितलं. आवाज हलला नाही.

मग काकी उठल्या, आत गेल्या, नातवाची टोपी घेऊन आल्या. मूल रडत होतं. त्यांनी ती त्याला घातली, क्लिप लावली आणि मला म्हणाल्या, "बघ." मी वर उचलली. निघाली नाही. त्याचे केस मानेपर्यंत आहेत.

"जावळ झाल्यावर पुन्हा बघायचं," मी म्हणाले. "हलली तर वापरायची नाही. लहान घ्यायची."

"आणि वाढलं की?"

"पुन्हा घ्यायची."

"मामा कंगाल व्हईल," काकी म्हणाल्या. एकदोघी हसल्या. मग शेवटी बसलेल्या एकीनं हळूच विचारलं, "सारिकेला ठाव हाय का गो हे?"

मी तक्ते गुंडाळले.

घरी आले तेव्हा वहिनी फणसाचे गरे काढत होती. हाताला तेल, समोर घमेलं. मी उभ्यानंच सांगितलं, "वहिनी, मी बायकांना सांगितलं."

"कुणाचं नाव घेतलंस?"

"साहिलचं."

"माझं?"

"नाही. मापाचं सांगितलं. सगळ्यांनी मिळून घेतलं असं."

तिनं एक गरा सोलला, आठळी वेगळी टाकली. "उद्या हे येतील. वाटेत कुणी ना कुणी सांगंलच."

"माझं चुकलं का?"

"मला काय इचारतेस," ती म्हणाली. "तू शिकलेली." पण रागानं नाही म्हणाली. गऱ्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी चार-पाच खाल्ले. गोड होते.

२४ मे, शनिवार

हृतिक दुपारी आला. फाट्यावरून चालत, म्हणजे वरच्या आळीतून आला असणार. आल्यावर हातपाय धुतले, बाबांशी रोपांचं बोलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही कळलं नाही.

जेवायला बसलो. बाबा आणि आई आधीच जेवून शेजारी गेले होते. आम्ही तिघंच. वहिनीनं भात वाढला, आमटी घातली. मीठ पुढे केलं.

हृतिक म्हणाला, "प्रयागकाकी भेटली."

वहिनीनं आमटीची पळी खाली ठेवली.

"तुला ठाव व्हतं," तो म्हणाला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शुभमच्या जावळाला."

"मला त्याच दिशी."

त्यानं घास हातात धरला होता, तो ताटात ठेवला. मी उठावं असं वाटलं, पण मधे ताटं होती.

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही बोललात का?"

तो भाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "किती हलत व्हतं?"

मला वाटलं ती रडेल, किंवा उठून आत जाईल, जशी जाते. ती उठली. हात पदराला पुसले. हृतिकच्या मागे जाऊन उभी राहिली, दोन्ही तळवे त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावले आणि हळूच फिरवले, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"एवढं," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. मान तिच्या हातांबरोबर हलत होती. मग मान हलायची थांबली, पण तिनं हात काढले नाहीत. तोही तसाच बसून राहिला.

मी भातावर झाकण ठेवलं आणि माझं ताट घेऊन ओट्यावर आले. तिथं बसून जेवले. मीठ आत राहिलं होतं, तरी आणायला गेले नाही.